पळासनेरच्या अलीकडे-पलीकडे

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथल्या एका बाकाच्या मधून सीमा जाते, म्हणून प्रवासी हौसेने फोटो काढतात. सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांना त्याचं काय अप्रूप! त्यांच्या सोयरिकींमधूनच अशी रेघ गेलेली आहे.

आणि ती एकदाच मारलेली नाही. इंग्रजी अमलात इकडे खानदेश, अक्राणी-अक्कलकुव्याकडे काठीसारखी मेहवासी संस्थानं, पलीकडे बडवानी, राजपिपळा. 1906 मध्ये खानदेशचे पूर्व-पश्चिम दोन तुकडे झाले. 1 मे 1960 ला नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावं गुजरातेत गेली. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निघाला. इकडे पावरा म्हणवणाऱ्यांचे भाऊबंद मध्य प्रदेशात बारेला म्हणून नोंदले जातात. मामा एका राज्याचा मतदार, भाचा दुसऱ्या.

होळीआधीच्या आठवड्यात हा सगळा हिशेब बाजूला पडतो. तेव्हाचा आठवडी बाजार म्हणजे भोंगऱ्या. पलीकडे त्यालाच भगोरिया म्हणतात. शिरपूर तालुक्यात बोराडी-पळासनेरकडे, चोपड्याच्या डोंगरपट्ट्यात, धडगावला, आणि सीमा ओलांडली की सेंधवा, बडवानी, आलीराजपूरला. प्रत्येक गावाचा बाजारवार वेगळा, त्यामुळे ढोल घेऊन आजचा बाजार इकडे, उद्याचा तिकडे करता येतो. गुजरातेत ऊसतोडीला गेलेलेही होळीला घर गाठतात. ढोल इतका अवजड की वाजवणारा मागे रेललेला असतो. त्याच्याभोवती एकसारख्या रंगाच्या साड्या नेसलेल्या, चांदीने मढलेल्या पोरी हातात हात गुंफून साखळी धरतात. साखळीत शिरताना गाव विचारतील, आधार कार्ड नाही.

पुढारीही येतात. निवडणूक जवळ असली की जरा जास्तच येतात. गळ्यात ढोल अडकवलेले त्यांचे फोटो छापून येतात. पण नाच त्यांच्यासाठी थांबत नाही की त्यांच्यामुळे रंगत नाही.

अक्कलकुव्याकडच्या काठीच्या राजवाडी होळीला तिन्ही राज्यांतली माणसं जमतात. मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं, अंगावर राखेचे ठिपके अशा वेशातले बुध्ये रात्रभर नाचतात, आणि होळी पेटते ती पहाटे. हे नटणं हौसेचं नाही. नवस असतो, त्यासाठी काही दिवस व्रत पाळावं लागतं.

नाचाने सगळं मिटतं असं मात्र कुणी सांगू नये. यावल-चोपड्याच्या जंगलात सीमेपलीकडून आलेल्यांच्या अतिक्रमणावरून तंटे होतात, ते होळीनंतरही उरतात. आणि सपाटीवरचे आपण? धुळ्या-जळगावच्या वरातीत बँडवाल्याने आदिवासी पावरीची चाल धरली की कोणत्याही जातीचा, कोणत्याही पक्षाचा वऱ्हाडी घामाघूम होईस्तोवर नाचतो. ती चाल मूळची ज्यांची, त्यांना लग्नाची पत्रिका किती जण देतात? चाल घेतली, सोयरीक घेतली नाही.

भोंगऱ्याला ‘पळून जाऊन लग्न करायचा बाजार’ म्हणणाऱ्या बातम्या तर दर वर्षी येतात आणि आदिवासी संघटना दर वर्षी त्यांचा निषेध करतात. यंदा जाणार असाल तर तेवढं डोक्यातून काढून जा. बाजार करा, दाळ्या-गूळ घ्या, ढोलाजवळ उभे राहा. आणि नाचणाऱ्या पोरींच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका.