एक्सल बदलला तरी गुन्हा, पाटा चढवला तरी गुन्हा



वेचणी सुरू झाली की तालुक्याच्या गावी कमान-पाट्याच्या दुकानापुढे पिकअप गाड्यांची रांग लागते. मागच्या कमानीत दोन जादा पाटे घालायचे आणि पंधरा क्विंटल पासिंगच्या गाडीत पंचवीस क्विंटल भरायचे, हा आता रिवाज झाला आहे. साहेब लोक याला शेतकऱ्याचा हावरटपणा म्हणतात. त्यांनी एकदा हिशेब मांडावा. जिनिंग चाळीस किलोमीटरवर असेल तर दोन खेपांना एकशे साठ किलोमीटरचे डिझेल जाते आणि रांगेत दोनदा उभे राहावे लागते. दुसऱ्या खेपेचे भाडे कोणी व्यापारी देत नाही. मोकळ्या कापसाने निदान गाडी तरी भरलेली दिसते. ज्वारीच्या क्विंटलभराच्या पोत्यांचे दोन थर लागले की पासिंग संपते आणि वरचा हौदा रिकामाच राहतो.

म्हणून आम्ही जादा पाट्याची वकिली करतो असे समजू नका. शेतकीच्या पदवीला आम्हाला ट्रॅक्टर-अवजारे हाही विषय होता, तेवढ्या बळावर सांगतो, जादा पाटा हा फसवा उपाय आहे. पाटा ओझे उचलून धरतो, पण ते ओझे शेवटी जाते एक्सलवरच. पुष्कळ हलक्या गाड्यांचा मागचा एक्सल सेमी फ्लोटिंग असतो. म्हणजे जो शाफ्ट चाक फिरवतो, तोच शाफ्ट गाडीचे वजनही पेलतो. खड्ड्यात तो बेअरिंगजवळ तुटला तर चाकासकट बाहेर येतो. फुल फ्लोटिंग एक्सलमध्ये चाकाचा हब दोन बेअरिंगांवर थेट नळीवर बसतो. वजन नळी पेलते, शाफ्ट फक्त फिरवतो. तो तुटला तर गाडी जागेवर थांबते, चाक सुटून धावत नाही. मोठ्या मालट्रकांना हाच एक्सल असतो, तो उगीच नव्हे.

पाट्याचा दुसरा धोका कोणी सांगतच नाही. काही पिकअपना मागच्या ब्रेकचा जोर ओझ्याप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. तो ओझे ओळखतो गाडी मागे किती दबली यावरून. जादा पाट्यांनी गाडी दबतच नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. पंचवीस क्विंटल पाठीवर आणि ब्रेक रिकाम्या गाडीचा!

मग जड एक्सल घातला की झाले? तेही नाही. मोठ्या गाडीचा जुना एक्सल आणून वेल्डिंगने बसवणारे कारागीर आपल्याकडे आहेत, त्यांच्या हाताला आमचा सलाम. पण क्राऊन-पिनियनचे दाते मोजल्याशिवाय एक्सल विकत घेऊ नका. समजा मूळ जोडी 41 ला 10 होती, म्हणजे 4.1 चे प्रमाण. नवी 41 ला 8, म्हणजे 5.125. त्याच वेगाला इंजिन सव्वापट फिरणार. चढाला जोर येईल, पण सपाट रस्त्यावर डिझेल जळेल. नव्या ड्रममधले सिलिंडर मोठे आणि वरचा मास्टर सिलिंडर जुनाच राहिला, तर ब्रेकचा पायडल खाली जातो. कमानीच्या बैठका वाकड्या कोनात वेल्ड केल्या की शाफ्टचे जॉइंट क्रॉस हंगामभरही टिकत नाहीत. चाकाच्या बोल्टांची संख्या बदलली तर स्टेपनी दोन प्रकारच्या बाळगाव्या लागतात. आणि एवढे सगळे नीट जमले तरी चॅसी, पुढचा एक्सल, स्टिअरिंग जुनेच राहते. एक्सलला झेपते म्हणून गाडीला झेपते असे होत नाही.

तेव्हा हे काम जाणकाराच्या देखरेखीखाली, ब्रेक-टायरसकट, तपासणी करून व्हायला हवे. नेमकी तिथेच कायद्याने भिंत घातली आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 52 प्रमाणे आर.टी.ओ.ला कळवून, मंजुरी घेऊन फेरफार करता येत होता. 2000 सालच्या दुरुस्तीने ते दार लावले. आर.सी.तला तपशील कंपनीने मुळात जो दिला त्याच्याशी विसंगत होईल असा बदलच चालणार नाही, असे झाले. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच अर्थावर शिक्का मारला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. जादा वजनाला वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार वेगळे.

याचा परिणाम काय झाला? चाक निसटू न देणारा एक्सल आणि ब्रेकला फसवणारा पाटा, दोघांचा गुन्हा एकच. मग शेतकरी स्वस्तातला गुन्हा करणार. पाटा तासाभरात बसतो आणि तपासणीच्या दिवशी काढूनही ठेवता येतो. सुरक्षिततेच्या नावाने केलेल्या कायद्याने आमच्या माणसांना सर्वांत धोक्याच्या उपायाकडे ढकलले आहे.

आमच्या आजोबांनी बैलगाडीची लाकडी आस काढून लोखंडी घातली, पुढे रबरी चाकांची डनलॉप आणली, तेव्हा सुताराने कोणाचा परवाना मागितला नव्हता. साठच्या वेगाने धावणाऱ्या गाडीला तपासणी हवी, हे आम्हाला मान्य आहे. पण मग तपासा तरी! शहरातल्या गाड्यांना गॅसचे किट बसवायचे होते, तेव्हा वाट निघाली. पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थांनी किट तपासायचे, मंजूर किट बसवायचे, आर.सी.वर नोंद करायची. दहा किंवा अधिक वाहतूक-वाहने असणाऱ्या मालकाला त्याच जातीचे इंजिन आर.टी.ओ.ला न विचारता बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते, तीही याच कलमात. एका गाडीच्या धन्यासाठी त्यात असे काही नाही. आणि वजनाचे आकडे म्हणाल तर ते काही वेदवाक्य नव्हेत. जुलै 2018 मध्ये केंद्राने एका अधिसूचनेने चार टायरच्या एक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली. मोठ्या मालट्रकांसाठी लेखणी चालली, आमच्या पिकअपपाशी येऊन तिची शाई वाळली.

नवा कायदाही करायला नको. विशिष्ट कारणासाठी वेगळ्या फेरफाराला सूट देण्याचा अधिकार कलम 52 नेच केंद्र सरकारला दिला आहे. शेतमाल वाहणाऱ्या पिकअपसाठी एक्सल, ब्रेक, कमान आणि टायर यांचा एकत्र किट तपासून मंजूर करा, बसवण्याचे काम परवानाधारक गॅरेजला द्या, आणि तपासणीत गाडी जेवढे वजन पेलील तेवढेच पासिंग आर.सी.वर चढवा. तो आकडा पंचवीस क्विंटल आला नाही, वीसच आला, तर वीसच भरू.

जिल्हा बैठकीत हा ठराव मांडणार आहोत. ज्यांच्याकडे पिकअप आहे त्यांनी आर.सी.ची प्रत, या हंगामातल्या वजनकाट्याच्या पावत्या आणि दंडाची चलने घेऊन यावे. एक्सल तुटला असेल तर तो मोडका शाफ्टही आणा. तो मंत्र्यांच्या टेबलावर ठेवायचा आहे. आणि तोवर हंगामासाठी चढवलेले जादा पाटे उतरवून ठेवा.