बॅटरी बदलण्यापूर्वी

मोटार सकाळी सुरू होत नाही, चार जण धक्का मारतात, ती चालू होते आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग कोणीतरी सांगतो, "बॅटरी बदलून टाका." काही हजार रुपये खर्चून नवी बॅटरी येते आणि पुष्कळदा महिन्याभरात तीही उतरते. माझे स्पष्ट मत असे, की बॅटरी वारंवार उतरणे हा रोग नव्हे, लक्षण आहे. त्याचे निदान करण्यापुरते भौतिकशास्त्र तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे.

पाण्याचा रांजण सकाळी रिकामा दिसला तर आपण लगेच नवा आणतो का? तो भरला होता का, कोठे गळतो का, त्यालाच चीर गेली आहे का, हे आधी पाहतो. बॅटरीबाबतही हेच पाहावे.

मोटारीची नेहमीची बॅटरी म्हणजे एकसरीत जोडलेले सहा शिसे-आम्ल घट. गाडी रात्रभर उभी असताना भरलेल्या बॅटरीचे विभवांतर सुमारे १२.६ व्होल्ट भरते. ते १२ च्या खाली गेले असेल तर रांजण जवळजवळ रिकामा समजा. इंजिन चालू केल्यावर हाच आकडा १४ च्या आसपास चढला पाहिजे. चढत नसेल तर आल्टर्नेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा. चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून 'चार्जिंग' पाहण्याची युक्ती अजून प्रचारात आहे. डायनॅमोच्या काळातील ही युक्ती आता कोणी करू नये. भार अचानक सुटताच आल्टर्नेटरचे विभवांतर उसळते आणि गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

आता गळती. उभ्या गाडीतही घड्याळ, संगणक वगैरे थोडी धारा घेतच असतात. ती ५० मिलिअँपिअरपर्यंत असली, तर ४० अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी व्हायला ८०० तास, म्हणजे महिन्याहून अधिक काळ लागेल. पण डिकीतला ५ वॉटचा दिवा झाकण लावल्यावरही जळतच राहिला तर? ५ ला १२ ने भागा. ०.४२ अँपिअर! चार दिवसांत बॅटरी पार रिकामी, आणि झाकणाआडचा दिवा कोणाला दिसतही नाही. ऋण टोकाची तार सोडवून मध्ये १० अँपिअरचा अमीटर जोडावा, अर्धा तास थांबून एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला काटा खाली येतो, त्या मंडलात चोर आहे. (अमीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, स्टार्टरची धारा त्याला सोसणार नाही.)

सर्वांत गमतीदार फसवणूक करतात ती बॅटरीची टोके. दिवे लखलखीत लागतात, पण किल्ली फिरवली की नुसते 'टक्'. टोकावर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या थराचा रोध समजा ०.०५ ओहम आहे. दिवे १० अँपिअर घेतात, तेव्हा त्या थरात अर्धा व्होल्ट वाया जातो. तो कोणाच्या लक्षातही येत नाही. स्टार्टरसाठी १०० अँपिअर वाहू लागले की ५ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात! शिवाय भरणारी धाराही याच थरातून जाते, म्हणून बॅटरी कायम अर्धपोटी राहते. इलाज काय, तर टोके घासून घट्ट बसवणे. खर्च जवळजवळ शून्य.

हे सारे ठीक असूनही भरलेली बॅटरी स्टार्टर फिरताना साडेनऊ व्होल्टच्याही खाली घसरली, तर मात्र दोष तिचाच. नुसत्या व्होल्टमीटरला ती १२.५ दाखवून फसवते, कारण तो जवळजवळ धाराच घेत नाही. फार दिवस उतरलेली ठेवल्यास पट्ट्यांवरचे लेड सल्फेट कठीण होते आणि अंतर्गत रोध वाढतो. तेव्हा खुशाल नवी आणा.

शिक्षकांना माझा आग्रह आहे, की अंतर्गत रोधाची दहा गणिते फळ्यावर सोडवण्यापेक्षा वर्ग एकदा उभ्या गाडीपाशी न्यावा. महाविद्यालयात येणारी मुले ही गणिते झरझर करतात, पण प्रत्यक्ष बॅटरीला व्होल्टमीटर कोठे लावावा हे विचारले की एकमेकांकडे पाहतात. काळजी मात्र घ्यावी : भरताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून काडी पेटवू नये; अंगठ्या-बांगड्या काढून ठेवाव्यात; आणि पाना एकाच वेळी दोन्ही टोकांना लागू देऊ नये.