एडिसनचं न झालेलं रबर

टॅम्पाहून मायामीला निघालेले बहुतेक लोक फोर्ट मायर्सला थांबत नाहीत, आणि जे थांबतात त्यातले बरेचसे चुकीच्या गोष्टींसमोर वेळ घालवतात, असं माझं स्पष्ट मत आहे. जरा आगाऊपणाचं वाटेल, पण ऐका.

आपल्याकडे गोरे साहेब उन्हाळ्यात महाबळेश्वर गाठायचे. अमेरिकेच्या उत्तरेतले पैसेवाले नेमके उलट, हिवाळ्यात 'उष्ण हवेचं ठिकाण' शोधत फ्लोरिडात यायचे. थॉमस एडिसन १८८५ मध्ये इथे आला, कलूसाहॅची नदीकाठची जागा त्याला आवडली, घेऊन टाकली. १९१६ मध्ये हेन्री फोर्डने शेजारचं घर घेतलं. घराचं नाव 'द मँगोज'! (डिसेंबरात आंबा कुठला, पण नावानेच आमच्या गाडीतली मंडळी हळवी झाली.) फोर्ड तरुणपणी डेट्रॉइटच्या एडिसन इल्युमिनेटिंग कंपनीत इंजिनियर होता. म्हणजे एकेकाळचा नोकरदार थेट साहेबाचा शेजारी झाला. पुढे १९४७ मध्ये एडिसनच्या बायकोने ही इस्टेट शहराला एका डॉलरला देऊन टाकली. फोर्डचं घर शहराने १९८८ मध्ये घेतलं.

तर लोक इथे येतात, व्हरांड्यासमोर फोटो काढतात, दिवे आणि फोनोग्राफ बघतात, जुन्या मोटारींभोवती फिरतात. छानच आहे सगळं. पण दिवा इथे लागला नाही, तो १८७९ मध्ये न्यू जर्सीत. मॉडेल टी पण इथली नाही. ती डेट्रॉइटची, १९०८ ची. इथे खरं जे काम झालं ते रबराचं, आणि ते फसलं.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी धडाधड वाढत होत्या, आणि टायरचं रबर मुख्यत्वे मलाया आणि सिलोनकडून, म्हणजे इंग्रजांच्या हातातून येत होतं. उद्या युद्ध झालं आणि जहाजं थांबली तर? म्हणून १९२७ मध्ये एडिसन, फोर्ड आणि टायरवाला हार्वे फायरस्टोन या तिघांनी मिळून एक संशोधन कंपनी काढली. एडिसन तेव्हा ८० वर्षांचा होता. ८० व्या वर्षी माणूस नवीन विषय, तोही वनस्पतिशास्त्र, पहिल्यापासून शिकायला बसतो! आपण तिशीत नवी फ्रेमवर्क आली की कपाळाला हात लावतो.

त्याची अट साधी होती: झाड अमेरिकेतच उगवलं पाहिजे, भराभर वाढलं पाहिजे आणि यंत्राने कापता आलं पाहिजे. मग देशभरातून झाडंझुडपं गोळा करून वाळवायची, दळायची, रसायनांत भिजवायची आणि रबर किती निघतं ते मोजायचं. असे १७ हजारांहून जास्त नमुने तपासले. शेवटी निवड झाली गोल्डनरॉडची. पिवळ्या फुलांचं, रस्त्याकडेला वाढणारं हे तण. संकर करून करून ते १२ फूट उंच केलं. १९३१ मध्ये एडिसन गेला, १९३४ मध्ये काम सरकारी शेती खात्याकडे गेलं आणि १९३६ मध्ये प्रयोगशाळा बंद झाली.

आपल्या इंजिनियर मंडळींत सध्या टेस्लाचे भक्त जास्त. एडिसन गेल्यावर टेस्लानेच म्हटलं होतं की थोडी थिअरी वापरली असती तर त्याचे ९० टक्के कष्ट वाचले असते. इतर ठिकाणी असेलही तसं. पण कुठल्या तणात किती रबर आहे हे कागदावर गणित मांडून कसं कळणार? इथे दळायलाच लागतं.

आणि प्रश्न तर अगदी बरोबर होता! १९४२ मध्ये जपानने मलाया घेतला आणि अमेरिकेचं रबर खरंच तुटलं. तेव्हा धावून आलं ते कारखान्यातलं कृत्रिम रबर. गोल्डनरॉड तण होतं, तणच राहिलं.

सगळ्यात गंमत म्हणजे इथलं सर्वात गर्दी खेचणारं आकर्षण हे याच प्रकल्पातलं नापास सँपल आहे. फायरस्टोनने १९२० च्या दशकात वडाचं चार फुटी रोप दिलं होतं. आपलाच वड, चीक असतो म्हणून लावलेला. आज तो जवळजवळ एक एकर पसरलाय. माझ्या आईने त्याला रीतसर हात जोडले आणि म्हणाली, "पारंब्या मोज रे, मी बसते." मोजून झाल्या नाहीत.

माझा मुद्दा प्रयोगशाळेबद्दल आहे. काचेची भांडी, दळण्याची यंत्रं, टेबलं, सगळं मांडून ठेवलंय. न जमलेल्या कामाची अशी निगा आमच्या धंद्यात कोणी राखतं का? मी ज्या टीममध्ये होतो तिचा दोन वर्षांचा प्रकल्प एका सोमवारी बंद झाला. शुक्रवारपर्यंत सर्व्हर पुसले, विकी गेला. कोणते अकरा मार्ग आम्ही तपासून सोडले होते ते कुठेच उरलं नाही, आणि वर्षभरात दुसऱ्या टीमने त्यातला तिसरा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. प्रकल्प बंद करायला माझी हरकत नाही, पैसे कंपनीचे. पण 'हे करून पाहिलं, या कारणाने सोडलं' एवढी यादी न ठेवणं हा शुद्ध करंटेपणा आहे. ती यादी ठेवायला काय एकर लागतो?

असो. जाणार असाल तर मोटारी झटपट आटपा आणि प्रयोगशाळेला तासभर द्या. डासांचं औषध न्या, नदी अगदी लागूनच आहे.