आकाशांतील वाटाड्या आणि रस्त्यावरील आपण

'आंधळ्याची काठी' हा शब्दप्रयोग आपण नेहमीं करतों. पण ती काठी हातीं घेऊन एकट्यानें घराबाहेर पडणें म्हणजे काय, याचा विचार आपल्यापैकीं फारच थोडे करतात. गेल्या पावसाळ्यांत एका अंध गृहस्थांबरोबर स्टेशनपासून शाळेपर्यंत चालण्याचा योग आम्हांस आला. त्या अर्ध्या तासांत आम्ही जें शिकलों, तें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

त्यांच्या हातांत पांढरी काठी व खिशांत मोबाइल होता. कानापुढील हाडावर टेकणाऱ्या इअरफोनमधून 'पन्नास मीटरांवर डावीकडे वळा' असे शब्द त्यांना ऐकूं येत, आणि कान उघडे असल्यामुळें वाहनांचा आवाजही कळे. या सोयीचें मूळ जी. पी. एस. नांवाच्या व्यवस्थेंत आहे. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह वेळेचे संदेश पाठवीत असतात; निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, कीं आपण कोठें उभे आहों याचा हिशेब मोबाइल करतो.

अंधांसाठीं या विद्येचा उपयोग करावा ही कल्पना अमेरिकेंतील सांता बार्बरा येथील विद्यापीठांत जॅक लूमिस यांनीं १९८५ सालीं मांडली. तेथील भूगोलाचे प्राध्यापक रेजिनाल्ड गॉलेज, जे स्वतः प्रौढपणीं अंध झाले होते, ते या कामांत त्यांचे सहकारी होते. आरंभींचें यंत्र पाठीवर वाहून न्यावें लागे. शिवाय अमेरिकन सरकार या संदेशांत मुद्दाम चूक मिसळीत असे. ती प्रथा मे २००० मध्यें बंद झाली, तेव्हां कोठें हा वाटाड्या विश्वासाचा झाला.

कोणी म्हणेल, अंधानें एकट्यानें फिरावेंच कशाला? घरचें कोणी सोबत न्यावें! हें म्हणणें दयेचें दिसतें, पण न्यायाचें नाहीं. इंग्लंडच्या आरमारांतील जेम्स होल्मन (१७८६–१८५७) याची दृष्टि पंचविसाव्या वर्षीं गेली. तरी काठीच्या नादावरून अंदाज घेत तो पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. फिरण्याची हौस यंत्रानें निर्माण केलेली नाहीं; ती मनुष्यमात्राची आहे.

मात्र मोकळ्या आकाशाखालींही मोबाइलच्या हिशेबांत सुमारें पांच मीटरांची चूक राहते, व उंच इमारतींच्या गर्दींत ती वाढते. पांच मीटर म्हणजे रस्त्याची ही बाजू कीं ती! 'आपण इच्छित स्थळीं पोहोंचलां' असें यंत्रानें सांगितलें, तेव्हां शाळेचें फाटक समोरच्या अंगास होतें. आम्हीं 'तिकडे, त्या पिवळ्या पाटीपाशीं' असें म्हटलें, आणि लगेच आमची आम्हांलाच लाज वाटली. एका मुलानें मदतीच्या हेतूनें त्यांचा दंड धरून ओढलें, ते हंसून म्हणाले, "बाळ, आधीं विचार, आणि मला तुझें कोपर धरूं दे." पुढें फुटपाथवर आडव्या लावलेल्या सायकलीचा दांडा त्यांच्या गुडघ्यास लागला. ती सायकल आमच्याच एका विद्यार्थ्याची होती.

हा दोष उपग्रहांचा नव्हे. वीस हजार किलोमीटरांवरून येणारा संदेश आपलें काम चोख करतो. बिघडतें तें शेवटच्या पांच मीटरांत, आणि ते पांच मीटर आपल्या ताब्यांत आहेत. यंत्र रस्त्याचें नांव सांगतें; उघडें गटार, खणलेला खड्डा व वाटेंत उभी केलेली मोटार तें सांगूं शकत नाहीं. तें काम काठीचें, आणि काठीचें काम सोपें करणें हें आपलें.

म्हणून आमचें मागणें थोडकें आहे. विद्यार्थ्यांनीं सायकली आवाराच्या आंत लावाव्या. मुलांस घ्यावयास येणाऱ्या पालकांनीं आपल्या मोटारी फुटपाथवर चढवूं नयेत. वाट विचारणाऱ्या अंधास 'तिकडे' न म्हणतां 'उजव्या हातास वीस पावलें' असें सांगावें. यास पैसा लागत नाहीं. ते गृहस्थ पुढील महिन्यांत पुन्हां येणार आहेत, आणि या वेळीं ते एकटेच येणार आहेत.