दहाचा वाटा

छत्रपती संभाजीनगरमधल्या लष्करी छावणीच्या गुरुवारच्या बाजारात गोणपाट पसरून बसलेल्या बाईपुढे काटा नसतो. टोमॅटो, वांगी, हिरव्या मिरच्या यांचे वाटे लावलेले असतात. वाटा दहाला. वजन किती, हे ती सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. कायद्याच्या लेखी हा व्यवहार चूक आहे. 2009च्या वैध मापनशास्त्र अधिनियमाचं अकरावं कलम सांगतं, की भाव बोलायचा तर प्रमाणित वजनात, मापात किंवा नगातच बोलावा. वाटा या तिन्हींत बसत नाही.

बसायला हवा होता. कारण किलोचा भाव बदलतो आणि वजन तेच राहतं. वाट्याचा भाव तोच राहतो आणि माल कमीजास्त होतो. ज्याच्या खिशात ठरलेलेच पैसे आहेत, त्याच्या सोयीचं माप कोणतं? संध्याकाळी मजुरी घेऊन बाजारात शिरणाऱ्या माणसाला टोमॅटो साठ रुपये किलो आहेत की ऐंशी, याचा हिशोब नको असतो. दहा रुपयांत आज काय येतं, एवढंच त्याला कळायला हवं असतं. ते त्याला लांबूनच दिसतं. तोंड उघडावं लागत नाही.

ही तोंड न उघडण्याची सोय मला फार मोठी वाटते. काटा असलेल्या गाड्यावर ‘दहाचे द्या’ म्हटलं की विकणारा आधी गिऱ्हाइकाकडे बघतो, मग पारड्याकडे. वाट्यापुढे कुणाला आपली ऐपत सांगावी लागत नाही. बंगल्यातल्या बाईंना आणि त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईला एकाच भावाचा, तेवढाच वाटा मिळतो. दोघीही तो हातानं उचलून पिशवीत टाकतात.

लहानपणी लोखंडी पुलावरून खाम नदी ओलांडून आईबरोबर या बाजाराला जायचो, तेव्हा महागाई म्हणजे काय ते मला इथंच कळलं. तेव्हा रुपयाला वाटा होता. पावसाळ्यात त्याच वाट्यात टोमॅटो निम्मेच दिसायचे, मधला एखादा पिचकलेला. दौलताबादकडची सीताफळं यायला लागली की आधी वाट्यात दोन, मग चार, आणि भर हंगामात बाई वर आणखी एक ठेवायची. आई वाटे डोळ्यांनीच तोलत ओळीनं पुढं जायची, पार टोकापर्यंत, आणि पुष्कळदा पहिल्या बाईकडे परत यायची. पैसे तेच, ढीग लहान. एवढ्या स्पष्टपणे भाववाढ मला नंतर कुठल्या पुस्तकानं समजावली नाही.

वाट्यात फसवणूक होत नाही का? होते. खालच्या बाजूला किडकं वांगं निघतं. किलोच्या हिशोबानं वाटा कित्येकदा महागही पडतो. पण काटा मारणं ही काही वाटेवाल्या बाईची कला नाही. तिचा माल उघड्यावर मांडलेला असतो. कमी दिला, तर तो कमी दिसतो.

आता शेजारच्या दुकानातला बिस्किटांचा पाच रुपयांचा पुडा घ्या. किंमत वर्षानुवर्षं पाचच आणि आतलं वजन घटत आलेलं. म्हणजे कंपनीनंही वाट्याचीच रीत धरली. फरक इतकाच, की तिचा वाटा कागदाच्या आत आहे. पाठीमागे बारीक अक्षरांत वजन छापलं की कायद्याचं समाधान होतं. ते अक्षर वाचणारी गिऱ्हाइकं किती? झाकून कमी देणारा कायद्यात बसतो आणि उघड्यावर कमी मांडणारी बसत नाही, हे मला कुठल्याही बाजूनं न्याय्य वाटत नाही.

कुणी म्हणेल, वजनमापांचे निरीक्षक काही गोणपाटावरच्या बाईला धरायला येत नाहीत. बहुधा येत नसतील. पण ज्याची रोजीरोटी कुणीतरी डोळेझाक करण्यावर चालते, त्याला कुणीही कधीही उठवू शकतं. शिवाय हा बाजार छावणीच्या हद्दीतला, आणि देशभरातल्या छावण्यांचा नागरी भाग शेजारच्या नगरसंस्थांकडे सोपवण्याचं धोरण केंद्रानं धरलं आहे. उद्या या बाजाराचा कारभार कुणाकडेही जावो, सुधारणा व्हायलाच हव्यात. ओटे बांधा, शेड घाला, पिण्याचं पाणी द्या, बायकांसाठी स्वच्छतागृह तर आधी द्या. पण ओट्याच्या अटींत काट्याची सक्ती घालू नका. आणि अकराव्या कलमाला एक अपवाद जोडा: गिऱ्हाइकासमोर उघडा मांडलेला, हाती घेऊन पाहता येणारा भाजीपाला आणि फळं वाट्यानं विकता येतील.