घोड्यास एक न्याय, बैलास दुसरा

आमच्यांतील इंग्रजी शिकलेल्या वर्गाची एक दृढ समजूत आहे : घोड्यांची शर्यत म्हणजे अभिरुचि आणि बैलांची शर्यत म्हणजे गांवढळपणा. या समजुतीचें कूळ शोधावयाचें तर अठराव्या शतकांतील इंग्लंडांत जावें लागेल.

यॉर्कच्या नेव्हज्मायर माळावर १७३१ सालीं शर्यती भरूं लागल्या. त्या आठवड्यांत आसपासचे उमराव व जमीनदार सहकुटुंब शहरांत उतरत. दिवसा पैजा आणि रात्रीं नृत्य, असा थाट असे. परंतु लहानसहान गांवांनींही आपापल्या शर्यती मांडल्या, तेव्हां पार्लमेंटास नीति आठवली! हलक्या लोकांस आळस लागतो, ते कंगाल होतात, अशी कारणें देऊन १७४० च्या कायद्यानें, दोन ठिकाणें वगळून, पन्नास पौंडांखालील बक्षिसाच्या शर्यती बंद केल्या. थैली मोठी असली म्हणजे व्यसनही कुलीन ठरतें.

आतां घरचें पाहूं. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर १८८३ पासून घोडे धावत आले. त्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं ठरविलें. बैलगाड्यांच्या शर्यती त्याच न्यायालयानें २०१४ सालीं बंद केल्या. त्या अटींसह पुन्हां सुरू होण्यास डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें त्यासंबंधींचा सुधारित कायदा वैध ठरविला.

कोणी म्हणतील, पहिला निकाल जुगाराविषयीं, दुसरा छळाविषयीं. शिवाय बैलाची घडण धावण्याची नव्हे. मान्य. शेपूट पिरगाळणें, पराणी टोचणें हें क्रौर्यच आहे. त्याची मी यत्किंचित् तरफदारी करीत नाहीं. पण चाबूक घोड्याच्या अंगावर पडला म्हणजे त्याचें कौशल्य होतें काय? पाय मोडलेल्या घोड्याचें पुढें काय झालें, हें विचारावयास किती रेशमी मंडळी मागें थांबतात?

बंदीच्या काळांत रायगडाच्या वाटेवरील नाते गांवीं एका वृद्ध शेतकऱ्यानें मला विचारलें, “मास्तर, घोड्याला काय लागत नाय?” माझ्या पदवींत त्यास उत्तर नव्हतें.

दया ही खरी असेल तर तिनें मुक्या जनावराची जखम पाहावी, धन्याचा पोशाख पाहूं नये. दोन्ही मैदानांस एकच नियम, एकच देखरेख, एकच शिक्षा लावा. तें धैर्य नसेल, तर निदान आपल्या अभिरुचीस नीतीचें नांव देऊं नका.