शब्द घडवायचा कोणासाठी? फ्रेंच, इंग्रजी आणि माँट्रियलचे गॅरेज

#थ्रेड

फ्रान्स आणि भाषाशुद्धी म्हटले की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. पॅरिसमधील कोणी वयोवृद्ध विद्वान इंग्रजी शब्द दिसताच तो खोडतो आणि त्याजागी कोणीही न उच्चारणारा फ्रेंच शब्द लिहितो. ही थट्टा अगदीच निराधार नाही. मात्र तिच्या गदारोळात मूळ प्रश्न हरवतो: परक्या शब्दाला पर्याय घडवायचा, तो नेमका कोणासाठी?

आरंभ १९५५ पासून करावा लागेल. आयबीएम या अमेरिकी कंपनीची फ्रान्समधील शाखा एक नवे यंत्र बाजारात आणण्याच्या तयारीत होती. फ्रेंचमध्ये आकडेमोडीच्या यंत्राला 'काल्क्युलातर' हा शब्द होता, पण या यंत्राची झेप आकडेमोडीपलीकडची होती. तेव्हा कंपनीने सॉर्बोनमधील लॅटिनचे प्राध्यापक जाक पेरे यांचा सल्ला घेतला.

१६ एप्रिल १९५५ च्या पत्रातून पेरे यांनी 'ऑर्दिनातर' हा शब्द सुचवला. लित्रे यांच्या प्रसिद्ध कोशात तो विशेषण म्हणून होता, आणि तेही कोणाचे? जगाला व्यवस्था लावणाऱ्या ईश्वराचे! त्यातील अडचणही पेरे यांनीच दाखवून दिली. त्याच घराण्यातील 'ऑर्दिनास्यों' हा शब्द ख्रिस्ती धर्मगुरूंच्या दीक्षाविधीसाठी रूढ होता. (मराठीतील 'संगणक' हा 'गण्' धातूवरून आला, म्हणजे मोजणारा. फ्रेंचांनी नेमका तोच अर्थ बाजूला ठेवला.)

कंपनीने प्रारंभी या नावावर आपला हक्क राखला होता. परंतु शब्द इतका रुळला की तो सर्वांचाच झाला. आज फ्रेंच भाषकाला तो घडवलेला आहे, हे जाणवतही नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या शब्दामागे ना कायदा होता, ना मंत्रालय. मागणी एका अमेरिकी कंपनीची होती, आणि शब्द आला तो यंत्र घराघरांत पोहोचण्याच्या कितीतरी आधी. त्याला हुसकावून लावायला समोर कोणी प्रतिस्पर्धी रुजलेलाच नव्हता.

शासन या कामात हिरिरीने उतरले ते पुढे. १९६४ मध्ये एतियांब्ल यांच्या पुस्तकाने 'फ्राँग्ले', म्हणजे इंग्रजीमिश्रित फ्रेंच, हा शब्द घरोघरी नेला. १९७२ मध्ये मंत्रालयांत परिभाषा समित्या नेमण्याची व्यवस्था झाली. या समित्यांना यशही आले, हे थट्टेखोर सहसा सांगत नाहीत. 'सॉफ्टवेअर'ला 'लोजिसिएल' मिळाला. 'वॉकमन'ला १९८३ मध्ये 'बालादर' मिळाला. भटकंतीच्या क्रियापदाशी नाते सांगणारा हा शब्द खरोखर गोड आहे.

मग आला १९९४ चा तूबाँ कायदा. सांस्कृतिक मंत्री जाक तूबाँ यांच्या नावाचेच इंग्रजी भाषांतर करून विनोदवीरांनी त्यांना 'मिस्टर ऑलगुड' केले. विनोदापेक्षा महत्त्वाचे घडले ते घटना परिषदेत. २९ जुलै १९९४ च्या निर्णयात परिषदेने म्हटले की सरकारी कारभारात अधिकृत शब्द सक्तीचे करता येतील. परंतु खासगी नागरिकांवर आणि प्रसारमाध्यमांवर ते लादता येणार नाहीत. आधार होता १७८९ च्या जाहीरनाम्यातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. हा निर्णय भाषेच्या विरोधात गेला असे अनेकांना वाटले. वस्तुतः त्याने भाषेला मंत्रालयाच्या मालकीतून वाचवले.

कारण सक्तीशिवायही वाईट शब्द मरतोच. २०१३ मध्ये 'हॅशटॅग'साठी 'मो-दिएझ' अधिकृत झाला. 'दिएझ' ही संगीतातील तीव्र स्वराची खूण. हॅशची खूण वेगळी, हे लोकांनी तत्काळ दाखवून दिले. शब्द उशिराही आला आणि चुकीचाही.

आता अटलांटिक ओलांडून कॅनडातील क्वेबेकमध्ये जाऊ, कारण पॅरिसवाल्यांना न दिसणारी बाजू तेथे दिसते.

पॅरिसच्या रस्त्यावर वाहने थांबवणाऱ्या फलकावर 'स्टॉप' लिहिलेले असते. क्वेबेकमध्ये बहुतेक ठिकाणी 'आरे'. पॅरिसमध्ये 'पार्किंग', क्वेबेकमध्ये 'स्तासियोनमाँ'. वरवर पाहता क्वेबेकवासी अधिक कर्मठ वाटतील. पण त्यांच्यासाठी इंग्रजी ही फॅशन नव्हती. ती मालकाची भाषा होती.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माँट्रियलचा मेकॅनिक घरी फ्रेंच बोलत असे आणि गॅरेजात 'बंपर', 'क्लच', 'मफलर', 'विंडशील्ड' म्हणत असे, कारण भाग आणि माहितीपुस्तिका त्याच भाषेत येत. (पुण्या-कोल्हापुरातील गॅरेजे आठवावीत.) १९६० च्या दशकातील शासकीय आयोगाला आढळले की ज्या प्रांतात फ्रेंच भाषक बहुसंख्य, तेथेच उत्पन्नाच्या उतरंडीत ते जवळजवळ तळाशी होते. बढतीची वाट इंग्रजीतून जात होती.

म्हणून २६ ऑगस्ट १९७७ रोजी संमत झालेल्या '१०१ क्रमांकाच्या कायद्या'ने केवळ फलक बदलले नाहीत. कामगाराला फ्रेंचमधून काम करण्याचा हक्क दिला. तो हक्क वापरायचा तर क्लचला 'आंब्रेयाज' म्हणता यायला हवे, आणि माहितीपुस्तिकेतही तेच छापलेले हवे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भाषा कार्यालयाच्या शब्दसंग्रहांना अर्थ होता तो यामुळे. पुढे 'ईमेल'साठी 'कुरिएल' हा सुटसुटीत शब्दही क्वेबेकनेच रूढ केला. फ्रान्स 'मेल' या संक्षेपाशी खेळत राहिला आणि २००३ मध्ये त्याने 'कुरिएल' अधिकृतपणे स्वीकारला.

तेच कार्यालय २०१३ मध्ये घसरले. माँट्रियलमधील एका इटालियन उपाहारगृहाला त्याने मेन्यूवरील 'पास्ता' या शब्दाबद्दल पत्र धाडले. जगभर हसे झाले आणि कार्यालयाच्या अध्यक्षांनी पद सोडले. 'पास्ता'मुळे कोणत्याही क्वेबेकी कामगाराची बढती कधी अडली नव्हती. मेकॅनिकसाठी घडवलेले हत्यार आचाऱ्यावर उगारले गेले, आणि त्याची झळ त्या जुन्या, न्याय्य शब्दसंग्रहांच्या प्रतिष्ठेलाही बसली.